शेवटच्या बटणाची उंची

आमच्या इमारतीत एक गोष्ट बराच काळ दबक्या आवाजात सांगितली जायची. तळमजल्यावरच्या काजवाल्या काकूंनी म्हणे भिंतीला भोकं पाडून ठेवलीत, आणि त्या भोकांना कान लावून त्या शेजारचं बोलणं ऐकतात. नुसती भोकं असती तर लोकांनी एखादवेळेस सोडूनही दिलं असतं. पण प्रत्येक भोकावर बटण होतं. शर्टाला असतं तसं, पांढरं, चार छिद्रांचं. ऐकायचं असलं की बटण काढायचं, ऐकून झालं की परत लावायचं. भिंतीला कान असतात हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. भिंतीला बटणं असतात हे पहिल्यांदाच ऐकलं.

बातमी आणली रंगाऱ्यानं. रंगाऱ्याला काय, कुणाचंही कपाट सरकवून मागं बघायचा परवानाच असतो. त्यानं जिन्याखाली चहा पिता पिता सांगितलं आणि कप खाली ठेवायच्या आत बातमी गच्चीपर्यंत पोचली.

सगळ्यात जास्त धसका घेतला क्लासवाल्या बाईंनी. काकूंची ती भिंत आणि यांची भिंत एकच. या बाई घरी शिकवण्या घेतात, आणि आवाज असा की रस्त्यानं जाणाऱ्याचेही पाढे पाठ व्हावेत. तो आवाज ऐकायला भोक कशाला लागतंय! पण बातमी कळली त्या दिवसापासून त्यांच्या घरची रीतच बदलली. नवऱ्याशी भांडायचं ते स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या आडोशानं. आणि भिंतीजवळ आलं की खडा आवाज काढून म्हणायचं, "अहो, त्या बिचाऱ्या मोलकरणीला आज लवकर सोडते हो मी! पाय दुखतात तिचे!"

नवरा भोळा. तोही मोठ्यानंच विचारायचा, "आपल्याकडं मोलकरीण कुठं आहे?"

तर अशा या काकू. आता त्या कोण, ते सांगतो.

काकूंचा धंदा काजं करण्याचा. टेलर शर्ट शिवतो, पण बटण ज्यातून जातं ते भोक, म्हणजे काज, एकेक हातानं शिवत बसायला त्याला सवड नसते. मग गठ्ठे काकूंकडं यायचे. खिडकीशी पाट टाकून काकू बसलेल्या, मांडीवर कुणाचा तरी शर्ट, तोंडात दोऱ्याचं टोक, आणि दोरा तोंडात असूनही बोलणं चालू. कुणाचं पोट सुटलं, कुणाची मिळकत आटली, कोण दुसऱ्याचा जुना शर्ट उलटवून घालतो, सगळं त्यांना कपड्यांवरून कळायचं. गावगप्पांत माझी त्यांच्याशी बरोबरी होती, आणि मी सहसा कुणाला बरोबरीचं मानत नाही.

मी एकदा चिडवलं, "काकू, जन्म गेला तुमचा लोकांच्या शर्टांना भोकं पाडण्यात."

त्या दोरा तोडत म्हणाल्या, "भोक उंदीरही पाडतो. काज म्हणजे भोकाची कड शिवायची असते. नाहीतर ते वाढत जातं, भावजी."

त्यांचे यजमान शाळेत कवायत शिकवायचे. वेळापत्रकात भलंमोठं नाव असायचं, पण सगळे त्या तासाला ड्रिल म्हणायचे, म्हणून हे ड्रिलमास्तर. माणूस असा ताठ की गवंडी ओळंबा घरी विसरला तर मास्तरांना शेजारी उभं करून भिंत बांधावी. मैदानावर पोरं रांगेत उभी राहिली की हे मागून चालत जायचे, आणि कुणी जरा खांदे पाडले की, "काय रे, पाठीचा कणा आहे की कपडे वाळत घालायची दोरी?" आमच्या भागातले निम्मे बाप्ये मोठेपणीही त्यांना बघितलं की पोट आत घ्यायचे.

मास्तर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांच्या शर्टांमध्ये खोट दिसायला लागली. शर्ट पुढून खाली लोंबायचा आणि मागून वर जायचा. काकूंना वाटलं, टेलरनं कापड तिरकं कापलं. गेल्या भांडायला. टेलरनं शर्ट टेबलावर पसरला, पट्टी लावली, घडी घातली आणि म्हणाला, "काकू, शर्ट सरळ आहे. आतला माणूस एकदा दाखवून घ्या."

आतला माणूस वाकायला लागला होता.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते काकूंना कधी नीट म्हणता आलं नाही. त्या एवढंच सांगायच्या की डोक्यानं हुकूम द्यायचा आणि हातपायांनी तो उशिरा ऐकायचा, असला आजार आहे. मास्तरांसारख्या माणसाला याहून वाईट शिक्षा कोणती! पाऊल उचलेना, घासत पुढं जायचं. बोटं थरथरायची, बटण काजात जायचं नाही. मान खाली गेली ती वर येईना. डॉक्टर म्हणाले, चालतं ठेवा, पण पडू देऊ नका. एकदा हाड मोडलं की या वयात परत उभं करणं कठीण.

मास्तरांनी घरी आल्यावर काकूंना सांगितलं, "एक ऐकून ठेव. मला कुणी काखेत हात घालून न्यायचं नाही. ज्या दिवशी तसं न्यावं लागेल, त्या दिवसापासून मी उठायचा बंद."

ते बोललेलं मोडणारे नव्हते. काकूंना कळलं की हे जोवर आपल्या पायांनी बाथरूमपर्यंत जातायत तोवरच हे आहेत.

पलंगापासून बाथरूमपर्यंत एक बोळ होता, क्लासवाल्या बाईंच्या भिंतीलगत. तिथं धरायला दांडा हवा. सुतार बोलावला. सुतारानं भोकं पाडायचं मशीन काढलं, त्याची वायर स्वयंपाकघरातल्या बोर्डापासून बोळात आडवी टाकली आणि कामाला लागला. मास्तर खोलीतून बाहेर आले. घासत येणारा पाय वायरीत गेला. पडलेच असते, पण सुतार चपळ. त्यानं मशीन टाकलं आणि मास्तरांना धरलं. काखेत हात घालून.

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

दांडा लागला, चांगला गुळगुळीत, गोल. मास्तर त्याला धरून चालायला लागले. पण काही महिन्यांनी ते अजून वाकले, आणि दांडा त्यांना उंच पडायला लागला. हात वर करून धरायचा म्हणजे तोल मागं जायचा. परत सुतार. तो मास्तरांच्या समोरच काकूंना म्हणाला, "यांना जरा भिंतीला लावून उभं करा, माप घेतो."

मास्तर जमिनीकडं बघत म्हणाले, "माप शर्टाचं घेतात." आणि वळून खोलीत गेले. वळायला त्यांना बराच वेळ लागला.

काकूंनी सुताराला चहा दिला आणि वाटेला लावलं. त्यांच्या मनात दोन गोष्टी पक्क्या झाल्या होत्या. दांडा खाली घ्यायचा तो आपणच, यांच्या नकळत. आणि या घरात परत वायर जमिनीवर पडायची नाही. म्हणजे मशीन हवं ते बिनवायरीचं, बॅटरीवरचं.

लेक परगावी. फोनवर म्हणाली, "आई, तू दुकानात जाऊ नकोस, तुला काहीही गळ्यात मारतील. मी मागवते ऑनलाइन." पेटी आली. उघडली तर आत मशीन पोपटी रंगाचं, आणि भोवती नवरीच्या दागिन्यांसारखे खोबणीत बसवलेले, मशीनच्या पुढं लावायचे चकचकीत तुकडे. काय देखणं! मास्तर सकाळी अंगणातल्या कट्ट्यावर उन्हाला बसायचे, त्यांच्याच शाळेत घंटा द्यायचा तो शिपाई सोबतीला असायचा. ती वेळ साधून काकूंनी मशीन भिंतीला लावलं. ते गोड आवाजात गुणगुणलं. भिंतीला गुदगुल्या झाल्या. भोक काही पडलं नाही. काकूंना वाटलं, जोर कमी पडतोय. खांदा लावून रेटलं. तुकडा तापून निळा पडला आणि भिंतीवर टिकलीएवढा खळगा आला, बस.

लेक म्हणाली, "अगं, पण लोकांनी पाच-पाच तारे दिलेत त्याला!"

"त्यांच्या भिंती पुठ्ठ्याच्या असतील," काकू म्हणाल्या. "परत पाठव."

मग त्या स्वतः निघाल्या. पिशवीत अंगणातली अर्धी वीट घेतली. कापड घ्यायला जाताना शर्ट न्यावा, तशी मशीन घ्यायला जाताना भिंत न्यायची.

हार्डवेअरवाला हा मास्तरांचा जुना विद्यार्थी, जाडजूड, बडबड्या. काकू काउंटरशी आल्या आणि म्हणाल्या, "ड्रिल पाहिजे."

त्याच्या टाचा जुळल्या. मग स्वतःच हसला. "सवय हो, काकू. तुमच्या तोंडून तो शब्द आला की पाठ आपली आपण सरळ होते. मास्तर कसे आहेत?"

"आहेत," काकू म्हणाल्या. "ताठ आहेत."

त्यानं मान डोलावली आणि धंद्याला लागला. "लाकडात वापरायचं, लोखंडात की भिंतीत?"

काकूंनी वीट काउंटरवर ठेवली. "यात."

"मग पहिलं लक्षात ठेवा, नुसतं फिरणारं नको. फिरता फिरता ठोकणारं पाहिजे, त्याला हॅमर म्हणतात. हे चिन्ह बघा, हातोडीचं. हे ज्याच्यावर नाही, ते विटेला नुसतं खाजवतं."

"खाजवून झालंय," काकू म्हणाल्या.

त्यानं पहिलं काढलं ते थोरलं. मोठी बॅटरी, भरदार मूठ. "हे म्हणजे पैलवान. ठेकेदार नेतात." काकूंनी उचललं आणि हात सरळ धरला. उभ्या जन्मात सुईपेक्षा जड काही चालवलेलं नाही ते मनगट. मशीन खाली, मनगटही खाली.

"हे मला धरून नेईल," त्या म्हणाल्या. "ठेव."

दुसरं जरा आटोपशीर, पण किंमत ऐकून काकूंनी ते हातातही घेतलं नाही. तो समजावायला लागला, "काकू, हे ब्रशलेस आहे."

"मला रंगवायचं नाहीये."

"तो ब्रश नव्हे हो! आतली मोटर वेगळी असते. बॅटरी जास्त पुरते, मशीन जास्त टिकतं. रोज दिवसभर वापरणाऱ्याला परवडतं."

"मला रोज नाही वापरायचं. तीन-चार महिन्यांनी एकदा. आणि हे बघ, किंमत अशी सांग की मला लेकीला विचारावं लागणार नाही."

मग त्यानं खालच्या फळीवरून तिसरं काढलं. लहान बॅटरीचं, हॅमर असलेलं, दिसायला अगदी साधं. काकूंनी ते धरलं. इस्त्री धरतात तसं धरलं, थोडा वेळ हवेत तसंच ठेवलं, अंगठा दुखतो का ते पाहिलं. मग वीट खाली फरशीवर ठेवायला लावून स्वतः भोक पाडलं. पहिल्यांदा मशीनचं टोक जरा घसरलं, मग बसलं आणि लाल भुकटी बाहेर यायला लागली. काकूंच्या चेहऱ्यावर, हार्डवेअरवाला पुढं मला सांगायचा, लहान पोरीसारखं हसू आलं होतं.

मग प्रश्न सुरू झाले. बॅटरी दोन मिळतात का? मिळतात. एक बिघडली तर सुटी मिळते का, की अख्खं मशीन टाकायचं? सुटी मिळते, माझ्याकडंच मिळते. बिघडलं तर दुरुस्त कोण करतो? मागच्या गल्लीत. महिनोन् महिने न वापरता ठेवलं तर? अर्धी भरून ठेवा, उन्हाजवळ नको, आणि पार उतरू देऊ नका. हे आकड्यांचं कडं कशाला? ते ओढ कमीजास्त करायला. स्क्रू पिळताना ठरावीक जोर झाला की आपोआप सोडून देतं.

"म्हणजे शिलाई मशीनचं टेन्शन," काकू म्हणाल्या.

"तेच. आणि पुढं लावायचं हे टोक, बिट, ते मात्र चांगलं घ्या. मशीन साधं चालेल, बिट साधं नको."

"सुई चांगली हवी. कळलं."

तो मशीन पेटीत घालायला लागला. काकूंनी मघाशी हात कंबरेच्याही खाली धरून पाहिला होता, ते त्याच्या डोळ्यांत राहिलं होतं. त्यानं सहज विचारलं, "एवढ्या खाली भोक पाडायचंय?"

"हो."

"आणि तीन-चार महिन्यांनी परत कुठं?"

"त्याच्या खाली," काकू म्हणाल्या.

 त्यानं पेटी बांधली, स्क्रूबरोबर भिंतीत बसवायचे प्लास्टिकचे प्लग मूठभर जास्त घातले आणि काउंटरच्या बाहेर येऊन पिशवी रस्त्यापर्यंत पोचवली. ही गोष्ट त्यानं मास्तर असेपर्यंत कुणाला सांगितली नाही. मला तर मुळीच नाही. माझ्याविषयी लोकांचं काय मत आहे ते यावरून समजतं.

आता काकूंची पद्धत बघा. मास्तरांना बटणं लावता येत नव्हती, त्यामुळं रोज सकाळी शर्ट काकूच घालायच्या. गळ्यापासून सुरुवात करून एकेक बटण लावत खाली यायचं आणि शेवटच्या बटणाला गुडघ्यांवर बसायचं. हे सगळं बोळाच्या तोंडाशी, दांड्याशेजारी. पहिला दांडा लागला तेव्हा तो बरोबर मास्तरांच्या शेवटच्या बटणाइतक्या उंचीवर होता. मग बटण दांड्याच्या खाली जायला लागलं. गुडघ्यांवर बसलेल्या काकूंच्या नजरेसमोर दोन्ही असायचं, बटण आणि दांडा. माप घेतंय असं कुणाला वाटलंही नसतं.

दोन-तीन बोटांचा फरक पडला की काकू दिवस ठरवायच्या. मास्तर कट्ट्यावर गेले की खडूनं खूण, जुन्या शर्टाचा कापलेला खिसा चिकटपट्टीनं खुणेखाली लावायचा, म्हणजे भुकटी खिशात, फरशी स्वच्छ. भर्र, भर्र. प्लग ठोकायचे, दांडा नव्या जागी, स्क्रू घट्ट. मग वर उरलेली जुनी भोकं. उघडं भोक त्यांना बघवायचं नाही. डब्यातून बटण काढायचं आणि डिंक लावून भोकावर बसवायचं. दांड्याच्या दोन्ही टोकांना तशी बटणं लागत गेली. पलीकडं क्लासवाल्या बाई पोरांना सांगायच्या, "लक्ष इकडं द्या, त्यांचं ते चालूच असतं."

मास्तरांची मान खालीच. त्यांना फरशी दिसायची, पावलं दिसायची. वरची बटणं कुठून दिसणार? ते कट्ट्यावरून परत यायचे, हात पुढं करायचे, दांडा हाताला लागायचा. म्हणायचे, "हाताला बरोबर येतो. म्हणजे मी आहे तिथंच आहे. तो डॉक्टर उगाच घाबरवतो."

"तेच म्हणते मी," काकू म्हणायच्या.

मग एकदा लेक आली. वडिलांना बघून आधी रडली आणि मग रागावली, तशा लेकी असतात. म्हणाली, "आई, हे किती दिवस? चाकांची खुर्ची मागवते. एक माणूस ठेवू, तो उचलून नेईल-आणेल."

"उचलून?" काकू म्हणाल्या. "त्यांना ते चालायचं नाही."

"मग पडले तर चालेल? एकदा जरी पाय अडखळला ना आई, तर मी तुझं ऐकणार नाही. खुर्चीही येईल आणि माणूसही."

काकूंनी कबूल केलं. काय करतात, तिचंही खोटं नव्हतं. जाताना लेकीनं बाबांसाठी आणलेला शर्ट दिला, तयार कपड्यांच्या दुकानातला, मऊ, निळा.

काही दिवसांनी मास्तरांनी तो घातला. काकू बटणं लावत खाली आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि बघतात तर काय! शेवटचं बटण दांड्याच्या खूपच खाली गेलं होतं. परवापर्यंत तर एवढा फरक नव्हता! म्हणजे आता हे भराभर वाकणार. लेकीला काय सांगायचं, अजून किती महिने, असलं काहीबाही मनात येत राहिलं. मास्तर कट्ट्यावर गेल्याबरोबर त्यांनी मशीन काढलं आणि दांडा खाली घेतला.

मास्तर परत आले. बोळाच्या तोंडाशी थांबले. हात दांड्यावर ठेवला. जरा भार दिला. हात काढून घेतला. परत ठेवला. परत काढला. पाऊल काही उचललं नाही.

काकू बोळाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या, मशीन पाठीमागं धरलेलं.

"अहो, या ना."

मास्तर हलले नाहीत.

"पाय चिकटलेत का? थांबा, घाई नको. आधी डावा..."

मास्तर तसेच उभे. एक हात हवेत, थरथरणारा. काकूंना वाटलं, झालं. आजपासून हे चालणार नाहीत. धरायला पुढं व्हावं तर काखेत हात घालावा लागणार, आणि न धरावं तर हे पडणार. त्या पुढंही होईनात आणि मागंही.

तेवढ्यात मास्तर फरशीकडं बघत म्हणाले, "अगं, हा शर्ट पोरीनं आणलाय."

"हो. मग?"

"दुकानातला आहे. आपल्या टेलरचा नाही. याचं शेवटचं बटण खाली असतं." थोडं थांबून, दम घेऊन म्हणाले, "दांडा बोटभर वर घे."

काजं शिवण्यात जन्म गेलेली बाई, आणि दोन शर्टांची बटणं सारख्या अंतरावर नसतात हे विसरली. विसरली कारण त्या क्षणी ती शर्ट बघत नव्हती, माणूस बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं?" काकूंना एवढंच विचारता आलं.

"रांगेतला कोण किती वाकलाय ते बघण्यात माझा जन्म गेला. मी वाकतोय ते मला कळणार नाही?"

"मग बोलला नाहीत ते कधी?"

"तू मापात चुकत नव्हतीस. बोलायचं कशाला?" मग म्हणाले, "आणि ते मशीन मागं काय लपवतेस! कट्ट्यावर सगळं ऐकू येतं. घंटावाल्यानं विचारलं, मास्तर, घरात कसला आवाज? म्हटलं, ड्रिल चालू आहे. तो म्हणतो, अजून? तुम्ही इथं बसलात तरी?"

काकूंना हसू आलं आणि हसता हसता खाली बसावं लागलं.

पुढं घंटावाला मला म्हणाला होता, आवाज सुरू झाला की मास्तर कट्ट्यावरून उठायचेच नाहीत. ऊन डोक्यावर आलं, घाम आला, तरी नाही. आवाज थांबला, की अजून थोडा वेळ जाऊ द्यायचे, आवराआवर होईपर्यंत, आणि मग म्हणायचे, "चल, ड्रिल सुटलं."

त्या दिवशी दांडा मास्तरांच्या समोर वर गेला. बोटभर जागेत नवं भोक बसवायचं म्हणजे विटेचा तुकडा निघायची भीती, म्हणून काकूंनी भोकं जरा बाजूला पाडली. मास्तर चौकटीला टेकून उभे राहिले आणि शर्टाचा तो खिसा त्यांनी स्वतःच्या हातानं भोकाखाली धरला. हात इतका थरथरत होता की निम्मी भुकटी फरशीवर सांडली. काकूंनी ती पुसली नाही. आधी दांडा घट्ट केला. मास्तरांनी हात ठेवला, भार दिला आणि त्या लाल भुकटीतून पावलं घासत ते बाथरूमपर्यंत गेले. फरशीवर दोन रेघा उमटल्या. बऱ्यापैकी सरळ.

त्यानंतरही दांडा खाली जात राहिला, पण आता लपवाछपवी नव्हती. मास्तर खुर्चीत बसून हुकूम सोडायचे, "डावं टोक केसभर वर!" आणि काकू म्हणायच्या, "तुमच्या केसाएवढं की माझ्या, ते आधी सांगा." चाकांची खुर्ची कधी आली नाही. मास्तर पडले नाहीत. गेले त्या दिवशीही सकाळी ते दांडा धरून आपल्या पायांनी बाथरूमपर्यंत गेले, आपल्या पायांनी परत आले आणि पलंगावर बसले. त्या दिवशी काकूंनी बटणं तिथंच लावायला घेतली. शेवटच्या बटणाला गुडघ्यांवर बसल्या तेव्हा त्यांना कळलं की ते आता लावलं नाही तरी चालेल. त्यांनी ते लावलं.

वर्षभरानं लेकीनं घराला रंग द्यायला लावला. रंगाऱ्यानं दांडा उतरवला आणि बटणं खरवडायला पत्रा घेतला. काकू खिडकीशी काम करत होत्या. म्हणाल्या, "बटणांना हात लावू नकोस. भोवतीनं रंग दे."

"पण काकू, ती आहेत कशाला?"

काकूंनी हातातल्या काजावरून नजर काढली नाही. "राहू देत रे. त्यांच्यावर हात ठेवला की त्यांचं बोलणं ऐकू येतं मला."

आता काकूंच्या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेते का? ती 'त्यांचं' म्हणते, आणि जगात तिच्या लेखी 'ते' एकच असतात. रंगाऱ्यानं भिंतीकडं पाहिलं, भिंतीपलीकडून क्लासवाल्या बाईंचा आवाज येत होता, आणि त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला. बाकीचं काम आम्ही केलं.

ती भोकं दोन इंचांपेक्षा खोल नव्हती आणि भिंत नऊ इंची होती. त्यांतून पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. मास्तर वाकत गेले तसतसा काकूंनी दांडा खाली घेतला, आणि वर राहिलेल्या भोकांवर बटणं लावली.